साखर संपल्यावर उरलेलं फळ: फळांची वाईन कशी चाखावी आणि कशाबरोबर घ्यावी

टेस्टिंग काउंटरमागे मी अकरा वर्षं उभी होते. नाशिकला गंगापूर धरणाच्या अंगाला ज्या वाईनरी आहेत, त्यांतल्या एकीत. द्राक्षाच्या वाईनचा ग्लास हातात आला की लोक जरा बिचकायचे, आपलं काही चुकेल म्हणून गप्प राहायचे. जांभळाची नाहीतर डाळिंबाची पुढे केली की चेहरे खुलायचे, कारण ही फळं घरची. मग पहिला घोट, आणि लगेच तक्रार: "अहो मॅडम, ही गोड कुठे आहे?"

ही तक्रार इतक्या वेळा ऐकली की आता कुणालाही शिकवताना मी तिथूनच सुरुवात करते. फळाच्या रसातली साखर यीस्ट खातं. तिचं अल्कोहोल होतं, कार्बन डायऑक्साईड बुडबुडे होऊन निघून जातो. मागे राहतो आंबटपणा, तुरटपणा, वास आणि सालीचा, बीचा थोडा कडवटपणा. आपण ग्लासात फळ शोधायला जातो, पण साखर काढून घेतलेलं जांभूळ आपण जन्मात कधी खाल्लेलं नसतं. मग ओळख कशी पटणार? फळांची वाईन चाखायची म्हणजे हे उरलेलं फळ ओळखायला शिकायचं. ते जमलं की ताटात तिच्या शेजारी काय वाढायचं, याचा अंदाज येऊ लागतो.

थोडा हिशोब सांगते, कारण पुढे तो लागेल. आपल्याकडे वाईनची द्राक्षं साधारण 22 ते 24 ब्रिक्सला तोडतात, म्हणजे 100 ग्रॅम रसात 22-24 ग्रॅमच्या आसपास साखर. लिटरभर रसात 17 ग्रॅम साखर असली तर त्यातून सुमारे 1 टक्का अल्कोहोल होतं. द्राक्षाला म्हणून बाहेरून काही लागत नाही. जांभूळ, स्ट्रॉबेरी, अननस यांच्यात साखर द्राक्षापेक्षा बरीच कमी, म्हणून आंबवण्याआधी ती घालावी लागते. काही जणांना ही भेसळ वाटते. तसं नाही, फळांच्या वाईनची ती रीतच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा की अशी वाईन तोंडात द्राक्षाच्या रेड वाईनसारखी भरदार लागणार नाही. अंगाने ती हलकीच असते. तिच्यात जड रेड शोधलीत तर "पाणचट आहे" म्हणून बाजूला साराल, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.

बाटली घेताना आधी लेबलवर ड्राय, म्हणजे साखर जवळपास न उरलेली, लिहिलंय की स्वीट ते बघा. बाजारातल्या बऱ्याच फळांच्या वाईन मुद्दाम गोड ठेवलेल्या असतात. गोड वाईन वाईट नसते, पण ताटात तिची जागा वेगळी. मग भरल्याची तारीख बघा. फळांची वाईन मुरवत ठेवण्यासाठी नसते. तिचा सगळा जीव वासात, आणि वास वर्ष-दीड वर्षात विरायला लागतो. तिसरी गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. एका मे महिन्यात पाहुण्यांसाठी स्ट्रॉबेरीची बाटली घेतली. दुकानदाराने ती काचेच्या शोकेसमधून काढून दिली आणि त्या शोकेसवर दुपारचं ऊन येत होतं. घरी उघडली तर रंग कोऱ्या चहासारखा आणि वास शिजून शिळ्या झालेल्या मुरांब्याचा. सहा पाहुणे समोर बसलेले. तेव्हापासून मी आतल्या कपाटातली किंवा फ्रीजमधलीच बाटली मागते आणि उजेडापुढे धरून रंग बघते. स्ट्रॉबेरीची वाईन गुलाबी सोडून तपकिरीकडे झुकली असेल तर घेऊ नका. आणि महाराष्ट्रात घेणाऱ्याकडे पिण्याचा परवाना हवाच. कायमचा नसेल तर एका दिवसाचा दुकानातच मिळतो.

आता बैठक. माझी आवडती वेळ सकाळी अकराची. रात्रीच्या झोपेने जीभ ताजी असते आणि जेवणाचा वास अजून घरात शिरलेला नसतो. तासभर आधी चहा, पान, सुपारी काही नको. देवघरातली उदबत्ती विझून गेलेली असू द्या. स्वयंपाकघरात फोडणी बसायच्या आत चाखून घ्या, कारण हिंग-मोहरीचा वास एकदा पसरला की स्ट्रॉबेरीची वाईन आणि पाणी यांत फरक करता येत नाही. काउंटरवर मी येणाऱ्या बायकांना गजरा काढून पर्समध्ये ठेवायला सांगायची. काहींना राग यायचा. पण मोगरा असा आहे की तो शेजारच्या दोन माणसांचंही नाक व्यापून टाकतो.

ग्लास काचेचाच, पातळ काठाचा, वर निमुळता होत गेलेला. वाईनचा ग्लास नसेल तर साधा काचेचा पेला चालेल. स्टीलचा नको, त्यात रंग दिसत नाही. 40-50 मिलिलिटरच्या वर ओतू नका, ग्लास फिरवायला आणि वास साठायला जागा लागते. फ्रीजमधून काढलेली बाटली उन्हाळ्यात दहा मिनिटं आणि थंडीत वीस-पंचवीस मिनिटं बाहेर राहू द्या. अगदी बर्फगार वाईनला वास येत नाही. आंबा, अननस 8-10 अंशांना छान लागतात, जांभूळ आणि डाळिंब 12-14 अंशांना.

थुंकायला एक भांडं ठेवा. आपल्याकडे याचा फार संकोच. तोंडातलं थुंकायचं म्हणजे अन्नाचा अपमान, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. मलाही पहिले काही महिने जमलं नव्हतं. पण पाच प्रकार चाखायचे असतील आणि पाचवा पहिल्याइतकाच नीट कळायला हवा असेल, तर गिळून चालत नाही. मी स्टीलचा तांब्या वापरते. आणि गाडी चालवून परत जायचं असेल तर इथे प्रश्नच संपतो, थुंकायचंच.

मध्ये मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे. उडदाचा पापड ठेवू नका, त्यातली मिरी जिभेवर बसते.

ग्लास आधी तिरका करून पांढऱ्या कागदावर धरा, रंग बघा. मग न हलवता हुंगा. मग दोन-तीनदा गोल फिरवून पुन्हा हुंगा. दोन वासांत फरक असतो, दुसरा जास्त मोकळा. उघडल्या उघडल्या विझवलेल्या आगकाडीसारखा वास आला तर घाबरू नका, तो वाईन टिकवायला घातलेल्या सल्फाईटचा असतो, पाच मिनिटांत बहुतेक जातो. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा आला तर मात्र ती बिघडली आहे, ती बरी होणार नाही.

मग घोट. लहान घ्या आणि तो जिभेवर, गालांत, हिरड्यांवर घोळवा. पाच-सहा सेकंद लगेच गिळायचा नाही.

इथे एक प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा. माझ्या धाकट्या नणंदेने मागच्या वर्षी आंब्याची ड्राय वाईन हुंगली आणि ठामपणे म्हणाली, "वहिनी, ही गोड आहे." मी म्हटलं, नाक चिमटीत धर आणि आता घोट घे. तिने घेतला. डोळे मोठे झाले. "ही तर कैरीच्या पाण्यासारखी आंबट आहे!" मग नाक सोडायला सांगितलं. नाक सोडताच तोंडात आंबा आला आणि पुन्हा तिला ती गोड वाटायला लागली. गोडी जिभेवर नव्हतीच, वासाने तिला तसं भासवलं होतं. ज्या फळाचा वास आपण जन्मभर गोडीबरोबर घेतला, त्याच्या वासालाच मेंदू गोड समजतो. हा प्रयोग केलेल्या माणसाला ड्राय आणि स्वीट यांतला फरक पुन्हा समजावावा लागत नाही.

काय लागलं ते सांगताना आपली मराठी कामाला लावा, ती या बाबतीत फार श्रीमंत आहे. आंबटपणा मोजायचा तर बघा: तोंडाला पाणी सुटलं की दात आंबले? पाणी सुटलं म्हणजे आंबटपणा नेमका आहे, दात आंबले म्हणजे जास्त झाला. आणि तुरट! हा तुरटपणा आणणारं द्रव्य म्हणजे टॅनिन. ते काय हे समजावताना परदेशी पाहुण्यांना मला कोरा, जास्त उकळलेला चहा प्यायला सांगावं लागायचं. आपल्याकडे कच्ची सुपारी, आवळा, जांभूळ, करवंद खाल्लेलं पोरही तुरट म्हटलं की जीभ टाळूला लावून दाखवतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून तोंड आवळल्यासारखं होतं. ही चव नव्हे, हा स्पर्श आहे, आणि तो जिभेपेक्षा गालांच्या आत जास्त कळतो.

आता एकेक फळ. क्रम असा ठेवा की अननस आणि आंबा आधी, मग स्ट्रॉबेरी, मग डाळिंब, जांभूळ शेवटी. गोड बाटल्या त्याच्याही नंतर. जांभूळ आधी घेतलंत तर पुढचं सगळं फिकं लागेल.

जांभळाबद्दल मी जास्त बोलणार, कारण मला विचाराल तर आपल्या सगळ्या फळांत वाईन होण्यासाठी सगळ्यात लायक हेच. द्राक्षाच्या रेडला लागतं ते सगळं याच्याकडे आहे: गडद रंग, आंबटपणा, टॅनिन. जूनमध्ये त्र्यंबक रस्त्याला, पेठ रस्त्याला पळसाच्या पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बायका बसतात. एक द्रोण घ्या, धुवा, आणि ड्राय जांभूळ वाईनची बाटली शेजारी ठेवा. एक जांभूळ नुसतं खा. पहिला सेकंद गोड, मग आंबट, मग जीभ आवळते आणि निळी होते. आता वाईनचा घोट घ्या. पहिला सेकंद वजा झालेला असेल, बाकी सगळं तसंच, फक्त लांबलेलं. मग दुसरं जांभूळ मीठ लावून खा, लहानपणी खायचो तसं, आणि लगेच दुसरा घोट. वाईन एकदम मऊ लागेल. मिठाने तुरटपणा आणि कडवटपणा दबतो, फळ पुढे येतं. जेवणाशी जोडणी म्हणजे काय, हे मला कळलं ते या एका चिमूटभर मिठाने. ग्लास धुताना बघा, साबणाच्या पाण्यात तो जांभळा रंग निळसर-हिरवट होतो. जांभळातलं रंगद्रव्य आंबटात लालसर असतं आणि साबणासारख्या अल्कलीत निळं पडतं.

डाळिंब आमच्या घरचं. देवळा तालुक्यात दादांची बाग होती, भगवा जातीची. तेल्या रोग आला आणि एका हंगामात निम्मी झाडं काढून टाकावी लागली, ते दिवस मी विसरत नाही. तेल्याचा डाग फळाच्या सालीवर येतो, साल तडकते, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आत दाणे चांगले असले तरी. त्या वर्षी आईने आणि मी ओट्यावर बसून चांगले दाणे निवडून रस काढला होता. तेव्हा एक गोष्ट हाताने शिकले: दाण्यांमधला पिवळा पापुद्रा आणि सालीचा तुकडा रसात गेला की रस कडू होतो. डाळिंबाच्या वाईनचंही तेच. चांगल्या डाळिंब वाईनमध्ये तुरटपणा असतो पण घशाशी कडूपणा रेंगाळत नाही. कडू लागली तर समजा दाणे नीट सोलले नाहीत किंवा दाब जास्त दिला. रंग माणकासारखा हवा, पण तो जांभळाइतका टिकत नाही, वर्षभरात विटकरी होऊ लागतो.

आंब्याच्या वाईनचा रंग बघून लोक निराश होतात, कारण मनात आमरसाचा केशरी असतो. ते केशरी द्रव्य पाण्यात विरघळत नाही, गराबरोबर तळाशी बसतं, म्हणून वाईन फिकट सोनेरीच निघते. अननस सरळ आहे: आंबट, खळखळीत, मनात काही न ठेवणारा. स्ट्रॉबेरी सुरगाण्याची असो की महाबळेश्वरची, वाईनमध्ये नाजूक असते, लवकर संपवा.

आता ताट. मी तीनच गोष्टी बघते. पदार्थात तेल-तूप किती, तिखट किती, आणि तो वाईनपेक्षा गोड आहे का.

तेल-तूप असेल तिथे आंबट किंवा तुरट वाईन हवी. माझं सगळ्यात आवडतं ताट म्हणजे खानदेशी भरीत आणि जांभूळ. मोठं हिरवं वांगं भाजून, बडग्याने ठेचून, वर तेल, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची नाहीतर बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. वांग्याचा धुरकट वास आणि जांभळाची तुरट चव एकमेकांना शोधत आल्यासारखी भेटतात. तेलाने आणि शेंगदाण्याने तुरटपणा गुळगुळीत होतो, पुढचा घोट तोंडातलं तेल धुऊन काढतो, पुन्हा घासाची इच्छा होते. एकच अट: हिरव्या मिरच्या निम्म्या करा. तिखटात तडजोड नको असेल तर वाईन नको.

कारण तिखट हा खरा अडथळा आहे. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, टॅनिन त्यावर आणखी चरचर आणतं. एका दिवाळीत मी काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर ड्राय डाळिंब वाढली. मसाला घरचा, रस्सा झणझणीत. सासरे दोन घोट घेऊन म्हणाले, "सूनबाई, हे औषध बाजूला ठेव." त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वेळी त्याच मटणाचं सुकं केलं, मसाला निम्मा, खोबरं जास्त, चरबीचे तुकडे ठेवले, आणि जांभूळ दिली. तेव्हा त्यांनी ग्लास पुढे केला. मिसळीबद्दल लोक हमखास विचारतात. नाशिकच्या काळ्या रश्शाच्या मिसळीबरोबर माझं मत स्पष्ट आहे: ताक. फारच इच्छा असेल तर थंडगार, गोडसर, कमी अल्कोहोलची अननस, आणि तीही रस्सा संपल्यावर उरलेल्या फरसाणाबरोबर.

तळलेल्या खारट खाण्याला अननस किंवा आंबा ड्राय. साबुदाणा वडा आणि थंड अननस ही जोडी काउंटरवर मी कितीतरी जणांना सुचवली आणि एकानेही नाव ठेवलं नाही. वडा बटाट्याने जड, शेंगदाण्याने तेलकट, आणि अननस लिंबू पिळल्यासारखं काम करतो. उपासाच्या दिवशी अर्थातच नाही, उपास उपासासारखा करावा. तळलेल्या माशालाही अननसच. जांभळाबरोबर मासा खाल्ला की तोंडात लोखंडाची चव येते, ते टाळा.

कोंडाजीच्या चिवड्यासारखा गोड, खारट, किंचित तिखट चिवडा असेल तर गोडसर स्ट्रॉबेरी. थोडी गोडी तिखटाला आवरते. अळूवडीला डाळिंब, कारण चिंच-गुळाची आंबट-गोडी आणि डाळिंबाची आंबट-तुरट चव एकाच घराण्यातली. पनीर, चीज कशाबरोबरही चालतं, त्यावर वेळ घालवत नाही.

गोडाचं मात्र नीट ऐका. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला तर वाईन आंबट ढाण लागते. पुरणपोळीबरोबर ड्राय वाईन कुणी सुचवली तर नम्रपणे नको म्हणा. श्रीखंडही तसंच. पण चक्का घरी बांधून, साखर अगदी बेताची घालून, वर डाळिंबाचे दाणे टाकले आणि शेजारी गोड स्ट्रॉबेरी ठेवली तर दोघांना जागा मिळते. आधी चमच्यावर थोडं चाखा, लगेच वाईन चाखा, आणि वाईन आंबट वाटली तर पुढच्या वेळी साखर आणखी कमी करा.

जोडी जमली की नाही हे बघायची माझी रीत सोपी आहे. घोट, घास, घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागला तर जमली, वाईट लागला तर नाही. वहीत तीन शब्द लिहून ठेवा: फळ, पदार्थ, आणि दुसरा घोट कसा होता. माझ्या दोन वह्या भरल्यात, बहुतेक पानांवर तेलाचे डाग आहेत.

उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, आडवी नको. तीन-चार दिवस चांगली राहते. अर्ध्यापेक्षा कमी उरली असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, हवा जितकी कमी तितकी ती टिकते. पाचव्या दिवशी पिण्यात मजा नाही. उरलेल्या डाळिंबाच्या वाईनमध्ये तेवढाच गूळ घालून मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा, चार मिरी आणि दालचिनीचा तुकडा टाका. हा पाक बरणीत आठवडाभर राहतो. आमच्याकडे तो गरम थालीपिठावर लोण्याशेजारी घेतात.